पंधरा उसन्या शिफ्टा

पाकीट आलं तेव्हा चोखबाई खुर्चीत बसून स्वतःच्या पायांचे अंगठे दिसतात का ते बघत होती. सहावा महिना सरत आला होता आणि गेल्या आठवड्यापासून अंगठ्यांचं दर्शन बंद झालं होतं. पाकिटावर लाँड्रीच्या पगारखात्याचा शिक्का बघून ती खूश झाली. आता बाळंतपणाच्या रजेचा पगार कधीपासून सुरू आणि किती, तेवढंच त्यात असणार होतं. तिनं केसातली पिन काढली आणि पाकीट कडेनं नीट उघडलं. फराफरा फाडायचा तिचा स्वभावच नव्हता.

आत एकच कागद होता. तिनं तो वाचला. मग तिनं नाव तपासलं, कार्डाचा नंबर तपासला, घराचा पत्ता तपासला. दुसऱ्या कुणाचं पत्र आपल्याकडे आलं असेल अशी तिची पक्की खात्री होती. पण नाव तिचं होतं, नंबर तिचा होता, आणि पत्ताही मजल्यासकट तिचाच होता. "आपण प्रसूती-वेतनास पात्र नाही," असं त्या कागदानं अगदी सभ्य भाषेत कळवलं होतं. खाली कारण होतं: ठरावीक आठ आठवड्यांची सरासरी कमाई आठवड्याला एकशे वीस हवी, आपली एकशे सोळा भरते.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. ते आणायला म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच उभी राहिली. नळाला पाणी होतं, पेला समोर होता, पण आपण इथं कशाला आलो हेच तिला आठवेना.

इतकं घाबरायला काय झालं, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं पोट भरलेलं असणार. तिचा नवरा शाळा-इमारतींना रंग देणारा रंगारी. काम असलं तर तीन आठवडे सलग, नसलं तर ब्रश धुऊन घरात. दोघांनी मिळून सगळं ठरवून ठेवलं होतं. रजेचा पगार चौदा आठवडे मिळणार, म्हणजे चौदा आठवडे ती बाळाजवळ राहणार. पगार नाही मिळाला तर घरभाडं द्यायला तिला दोन आठवड्यांत पुन्हा कामावर उभं राहावं लागणार होतं. आणि पंधरा दिवसांचं बाळ कुणाजवळ ठेवायचं? तिची आई दोन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर, सासूबाई कधीच गेलेल्या. शेजारीण होती, पण तिचीच तीन होती.

चोखबाई हे काही तिचं नाव नव्हे. ते तिला लाँड्रीतल्या बायकांनी दिलेलं. ही लाँड्री म्हणजे मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. वरच्या सहा मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे झगे ट्रॉल्यांमधून खाली येतात, धुतले जातात, गरम रोलरमधून चपटे होऊन बाहेर पडतात आणि मग लांब टेबलांवर बायका त्यांच्या घड्या घालतात. चादरीला दोघी लागतात. दोन टोकं एकीकडे, दोन दुसरीकडे, झटका द्यायचा, पुढे यायचं, टोकं जुळवायची. चोखबाईची टोकं कधी बोटभरही इकडेतिकडे नसत. पण तिचं नाव पडलं ते त्यामुळे नाही, तर उसन्या शिफ्टांमुळे.

उसनी शिफ्ट हा त्या तळघराचा स्वतःचा कायदा. तिथल्या सगळ्या बायका अर्धवेळ, चार तासांची एक शिफ्ट, आठवड्याला तीन ठरलेल्या, काम वाढलं तर चौथी. दारात घड्याळाचं यंत्र आहे, त्यात आपलं कार्ड सरकवायचं की हजेरी लागते. पण कार्डाला चेहरा नसतो. एखादीचं मूल तापानं फणफणलं, एखादीच्या घरी पाहुणे कोसळले, की दुसरी जाऊन तिचं कार्ड सरकवते आणि तिची शिफ्ट करते. पैसे अर्थात कार्डवालीला. करणारीला मिळते ती उसनवारी. ती शिफ्ट शिफ्टनंच फेडायची, पैशानं नाही, भेटवस्तूनं नाही, गोड बोलून तर मुळीच नाही. कुठं लिहून ठेवलेलं नसतं. सुपरवायझरला सगळं ठाऊक असतं, पण काम अडत नाही तोवर तो छताचे पाइप बघत फिरतो. वर कळलं तर करणारी आणि करवून घेणारी दोघींना नारळ.

कोण कुणाचं किती देणं लागतं हे मोठ्याताईंच्या डोक्यात असतं. मोठ्याताई म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या. बत्तीस वर्षं तळघरात काढूनही आवाज असा की रोलर चालू असताना वरच्या जिन्यापर्यंत पोचावा. नवीन मुलगी आली की त्या तिला आपली एक गोष्ट ठरलेली सांगत. मुलगी झाली तेव्हा बाराव्या दिवशी त्या कामावर उभ्या राहिल्या होत्या. दूध थांबेना, झंपर भिजायला लागला, तेव्हा तिसऱ्या फळीवरचा धुतलेला टॉवेल ओढून आत कोंबला आणि शिफ्ट संपल्यावर तोच मळक्या ढिगात टाकला. "हॉस्पिटलचा टॉवेल, हॉस्पिटलचीच धुलाई, माझं काय गेलं?" असा त्याचा शेवट असे आणि सगळ्या हसत. चोखबाईही आल्या दिवशी हसली होती.

तर त्या कायद्यानं चोखबाईचं एकदा सोनं केलं होतं. गेल्या वर्षी तिला कावीळ झाली. तीन आठवडे ती अंथरुणातून उठली नाही. डोळे पिवळे, नखं पिवळी, भिंतीकडे बघावं तर भिंतही पिवळी दिसायची. आणि नेमका तेव्हाच वर तापाच्या साथीचा कहर झाला, खाटा दुप्पट झाल्या, चादरी डोंगरासारख्या खाली यायला लागल्या. हुकूम निघाला की तीन आठवडे प्रत्येक कार्डाला पाच शिफ्टा, जिचं कार्ड गैरहजर राहील तिचं नाव खोडलं जाईल. बायकांनी ते नाव खोडू दिलं नाही. स्वतःच्या पाच करून वर हिच्या केल्या. मोठ्याताईंनी चार, शेजारच्या टेबलावरच्या बडबडीनं पाच, बाकीच्यांनी मिळून सहा. अशा पंधरा झाल्या.

बरी झाल्यावर चोखबाई ज्या दिवशी परतली त्याच दिवशी तिनं फेडायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, राहू दे गं, अंगात ताकद येऊ दे. ऐकेल तर ती चोखबाई कसली. आपल्या तीन शिफ्टा करून ती आठवड्याआड एखादी दुसरीच्या कार्डावर करत राहिली. सहा महिन्यांत पंधरापैकी बारा फिटल्या. उरल्या फक्त बडबडीच्या तीन, आणि तेवढ्यात तिला दिवस गेले.

इथं तिनं जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. काम वाढलं म्हणून नुकतीच तिलाही चौथी शिफ्ट मिळायला लागली होती. पण तिसरा-चौथा महिना तिला फार जड गेला. सकाळी उठलं की पोट ढवळायचं, रोलरची गरम वाफ तोंडावर आली की डोळ्यांपुढे काजवे. आठवड्याला चारच्या वर एकही शिफ्ट अंगाला झेपेना. आता आपल्याही चार करायच्या आणि उसनीही फेडायची हे जमणारं नव्हतं. मग एक सोडायची तर कोणती? तिनं आपली सोडली. तीन वेगवेगळ्या आठवड्यांत एकेक दिवस तिनं आपलं कार्ड घरीच ठेवलं आणि बडबडीचं कार्ड सरकवून तिच्या टेबलावर उभी राहिली. "आपली शिफ्ट बुडाली तर पैसे बुडतात, उसनी बुडाली तर तोंड बुडतं," हे तिचं म्हणणं. शिवाय पोटात बाळ असताना डोक्यावर देणं नको, मोकळ्या हातानं बाळंत व्हावं, असं तिनं मनाशी घेतलं होतं. बडबडी नको नको म्हणाली होती. पण बडबडीचं नको इतर शंभर शब्दांत हरवून जातं, त्यामुळे तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी नवरा आला, हातावर पिवळा रंग वाळलेला. त्यानं पत्र वाचलं आणि तोही पत्ताच तपासायला लागला. मग दोघं टेबलाशी बसले आणि त्यानं पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. एका शिफ्टचे बत्तीस. आठ आठवड्यांत एकशे वीसच्या सरासरीला तीस शिफ्टा हव्यात. कागदाप्रमाणे हिच्या भरल्या एकोणतीस.

"एक कमी," तो म्हणाला. "अगं, एका शिफ्टनं गेलं हे."

ते आठ आठवडे कोणते, हे पत्रातच दिलं होतं. बाळंतपणाच्या तारखेपासून मागे मोजत जायचं, एका ठरलेल्या आठवड्याशी थांबायचं आणि त्याच्या मागचे आठ धरायचे. तिनं तारखा बोटावर मोजल्या आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. पोट ढवळण्याचे ते दिवस, तिन्ही उसन्या शिफ्टांचे, नेमके त्या आठांत होते. तीन फेडल्या त्या ऐवजी दोन फेडल्या असत्या तरी चाललं असतं. एक उसनी जरा उशिरा फेडली असती तर चौदा आठवडे बाळाजवळ मिळाले असते. आणि आता पुन्हा भर घालायचीही सोय नव्हती, कारण ते आठवडे कधीच होऊन गेले होते. आपली परीक्षा चालू आहे हे न सांगताच पेपर काढून घेतला होता. कुणी आधी सांगितलं असतं तर तिनं ओकत ओकत का होईना, ती एक शिफ्ट केली असती. तिला रडू येईल असं नवऱ्याला वाटलं, पण तिनं तारखा पुन्हा एकदा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी ती पगारखात्यात गेली. तिथला माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं पडद्यावर तिचं कार्ड उघडलं, आठवडे दाखवले, एकोणतीस मोजून दाखवल्या. मग अगदी आपुलकीनं विचारलं, या आठवड्यांत तुम्ही आणखी कधी काम केलंय आणि नोंद राहून गेलीय, असं काही आहे का? असेल तर सांगा, लगेच दुरुस्त करतो.

चोखबाईनं तोंड उघडलं. तिन्ही दिवस तिला तारखेनिशी पाठ होते. त्यातल्या दुसऱ्या दिवशी तिनं दोनशे चाळीस अभ्र्यांच्या घड्या घातल्या होत्या आणि मधे दोनदा न्हाणीत जाऊन ओकून आली होती. पण ते सांगायचं म्हणजे बडबडीचं कार्ड सांगायचं, आणि एक धागा ओढला की सगळ्या तळघराची वीण उसवणार. तिनं तोंड मिटलं. "नाही," ती म्हणाली, "नोंद बरोबर आहे."

खाली आल्यावर तिनं बडबडीला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. ऐकून बडबडीच्या हातातला टॉवेल गळून पडला. त्या तीनपैकी एका दिवशी आपण काय केलं माहीत आहे का, तिनं विचारलं. घरी काही अडचण नव्हती, कुणी आजारी नव्हतं. आयती शिफ्ट मिळाली म्हणून ती दुपारभर झोपली होती. एवढंच बोलून बडबडी गप्प झाली. तिला गप्प झालेली त्या तळघरानं आजवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे चारही टेबलांवरच्या बायकांनी माना वर केल्या.

पत्राच्या पाठीवर बारीक अक्षरात एक ओळ होती. निर्णय मान्य नसल्यास सरकारी कचेरीत तक्रार करता येईल. बारीक अक्षर वाचायची चोखबाईला खोड होती. ती सुट्टीच्या दिवशी गेली. कचेरी म्हणजे एक लांब दालन, प्लॅस्टिकच्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, नंबराचा चिठोरा हातात. दीड तासानं नंबर लागला. पहिल्या खिडकीतल्या माणसानं पत्र वाचलं आणि निर्णय नियमाप्रमाणे बरोबर असल्याचं सांगून परत केलं. ती वळली, तेव्हा तो मान खाली घालूनच म्हणाला, "दुसऱ्या खिडकीवर जाऊन आलात ना?"

"कसली दुसरी?"

"मालकाकडून ज्यांना मिळत नाही त्यांची. सरकारी भत्त्याची."

ती खिडकी खांबाच्या मागे होती. समोर एकही माणूस नव्हतं. आतली बाई चष्मा कपाळावर ठेवून काहीतरी शिवत बसली होती, ती दचकलीच. चोखबाईनं सगळं सांगितलं. बाईनं सुई बाजूला ठेवली आणि समजावून सांगितलं. मालकाच्या पगाराला ठरावीक आठ आठवडे लागतात. इथल्या भत्त्याला तसं नाही. इथं गेल्या सव्वा वर्षातले कुठलेही आठ आठवडे चालतात, सलग नसले तरी चालतात. सगळ्यांत जास्त कमाईचे आठ तुम्ही स्वतः निवडायचे. त्यांची सरासरी एकशे वीस भरली की चौदा आठवडे भत्ता, रजेच्या पगाराएवढाच.

चोखबाईला आधी कळेचना. मग हळूहळू कळलं. तीस. कुठल्याही आठांत तीस. तिनं मनातल्या मनात वर्ष चाळलं. इतर महिन्यांत तर नेहमीच्या तीन-तीनच. चार-चारचे आठवडे तेवढे ते मघाचेच, तिथं एकोणतीसवर घोडं अडलेलं. त्यानंतर काम मंदावलं आणि चौथी शिफ्ट गेलीच. म्हणजे इथंही एकच कमी. तिनं तसं बाईला सांगितलं, अगदी शांतपणे, कारण एकदा पडलेलं माणूस दुसऱ्यांदा पडताना फार आवाज करत नाही.

बाईनं मात्र तिचा कार्डनंबर घेतला, यंत्रावर टकटक केली, आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "कमी कुठं? हे बघा की. गेल्या वर्षी हे तीन आठवडे पाच-पाच शिफ्टा. पंधरा झाल्या इथंच. यात त्या चार-चारवाल्या पाच आठवड्यांच्या वीस मिळवा. पस्तीस!" ती कौतुकानं चोखबाईकडे बघायला लागली. "बाई गं, काय राबला आहात तुम्ही या तीन आठवड्यांत. तब्येत ठणठणीत दिसते तुमची."

ते तीन आठवडे चोखबाईनं पडद्यावर तारखेनिशी पाहिले. कावीळ. पिवळी भिंत. नवरा चमच्यानं पाणी पाजत होता आणि एक घोट पोटात ठरत नव्हता. त्या तीन आठवड्यांत ती राबली म्हणून सरकार तिला भत्ता द्यायला निघालं होतं. आणि जेव्हा ती खरोखर राबली, पोटात बाळ घेऊन, ओकत ओकत, तो काळ कागदावर आळशी ठरला होता. उभी होती तिथं आडवी लिहिलेली आणि आडवी होती तिथं उभी. कागदाच्या अकलेची कमाल असते कधी कधी.

बाईनं फॉर्म पुढे केला. शेवटी एक ओळ होती: "निवडलेल्या आठवड्यांतील कमाई माझ्या स्वतःच्या श्रमाची आहे." खाली सहीची जागा. पेन चोखबाईच्या हातात होतं आणि ते कागदाला टेकेना. दुसरी कुणी असती तर डोळे मिटून सही ठोकून मोकळी झाली असती, आणि मी म्हणतो, योग्यच केलं असतं. पण हिला चोखबाई उगाच म्हणत नाहीत. उद्या आणते म्हणून तिनं फॉर्म घडी करून पिशवीत घातला. बाई म्हणाली की आठ दिवसांत आणा, मग मुदत संपेल.

घरी नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, दुसरं दार उघडलं देवानं, आणि तू उंबऱ्यावर बसून विचार करतेस?" रात्रभर तिची नीज उडाली असं मात्र नाही. थकव्यानं ती मेल्यासारखी झोपली आणि सकाळी उठून फॉर्म घेऊनच कामावर गेली.

मोठ्याताई चादरी घेऊन उभ्या होत्या. जोडीची बाई आली नव्हती, म्हणून चोखबाईनं समोरची टोकं धरली. रोलरच्या आवाजात, झटका देत, पुढे येत, मागे जात तिनं सगळं सांगितलं. खोटी सही नको वाटते, असं शेवटी म्हणाली. शेजारी बडबडी कान देऊन होती, पण बोलत नव्हती.

मोठ्याताईंनी चादरीची टोकं जुळवली आणि हिशोबाला बसल्यासारखा चेहरा केला.

"तू आजारी असताना तुझ्या कार्डावर किती झाल्या?"

"पंधरा."

"तू फेडल्यास किती?"

"पंधरा."

"त्या फेडताना कोण राबलं? मी राबले का? ही बडबडी राबली? ही तर घोरत पडली होती म्हणते."

"मी राबले."

"मग त्या पंधरा कुणाच्या श्रमाच्या झाल्या?"

मोठ्याताई म्हणाल्या, "आम्ही तुला शिफ्टा दान नव्हत्या दिल्या. उसन्या दिल्या होत्या. फेडलेलं उसनं आपलं असतं. कागदाला फक्त तारखा उलट्यापालट्या कळल्यात, कष्ट नाही उलटेपालटे झाले."

बडबडीनं नाक पुसलं. चोखबाईच्या छातीवरून पत्र आल्यापासूनचं ओझं उतरलं आणि तिला एकदम बसावंसं वाटलं. ती ट्रॉलीच्या कडेवर टेकली. मोठ्याताईंनी पुढची चादर उचलली, तिची दोन टोकं हातात घेतली, आणि तिथंच थांबल्या.

"ही खिडकी नवीन काढलीय का?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"खांबामागची. कधीपासून आहे ती?"

चोखबाईला माहीत नव्हतं. पण बारीक अक्षर वाचायची तिला खोड. तिनं पिशवीतून फॉर्म काढला, उलटा केला, अगदी तळाशी बघितलं. हा भत्ता कधी लागू झाला ते तिथं छापलेलं होतं. तिनं वर्ष वाचलं आणि बोटांवर वजाबाकी केली. मग ती पुन्हा केली, कारण ती चुकली असावी असं तिला वाटलं.

"अडतीस वर्षं," ती म्हणाली.

चादरीची दुसरी दोन टोकं जमिनीवर पडली होती. धुतलेली चादर जमिनीला लागू द्यायची नाही, हा मोठ्याताईंचाच नियम, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायकांचे हात एकामागून एक थांबले. त्यांतल्या प्रत्येकीच्या घरी कधी ना कधी तसंच पाकीट आलं होतं. प्रत्येकीनं ते आपलं नशीब म्हणून घडी करून ठेवून दिलं होतं, आणि पाठीवरचं बारीक अक्षर कुणीच वाचलं नव्हतं.

"माझी मुलगी एकतीसची आहे," मोठ्याताई म्हणाल्या.

तिसऱ्या फळीवर टॉवेल रचलेले होते. मोठ्याताईंनी तिकडे बघितलं आणि सगळ्यांनी बघितलं. ती गोष्ट तिथल्या प्रत्येकीनं दहादहा वेळा ऐकली होती आणि दर वेळी हसून ऐकली होती. आज चोखबाईला तिच्यात हसण्यासारखं काय होतं तेच आठवेना. बारा दिवसांची ओली बाळंतीण, झंपरात कोंबलेला टॉवेल, घरी दुसऱ्या कुणाच्या हातात रडणारी पोर, आणि गावात कुठंतरी खांबामागे एक रिकामी खिडकी.

मोठ्याताईंनी जमिनीवरची चादर उचलून मळक्या ढिगात टाकली. मग चादरींचा एक रचलेला गठ्ठा ओढून चोखबाईपुढे ठेवला, लिहायला टेकू म्हणून, आणि फॉर्मवर बोट ठेवलं. "सही कर. आत्ता, माझ्यासमोर."

चोखबाईनं सही केली. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं.

"आणि तो द्यायला जाशील तेव्हा कोरे फॉर्म माग," मोठ्याताई म्हणाल्या. एरवीचा जिन्यापर्यंत पोचणारा आवाज आज समोरच्या टेबलापर्यंतही गेला नाही. "देतील तितके आण."

खिडकीतल्या बाईनं मोजून तेवीस दिले. तेवढेच शिल्लक होते. चोखबाईनं ते तिसऱ्या फळीवर टॉवेलांच्या शेजारी ठेवले, आणि नवीन येणाऱ्या मुलीला पहिल्यांदा तेच दाखवायचं असं ठरलं. मोठ्याताईंनी टॉवेलची गोष्ट त्यानंतर कुणालाच सांगितली नाही.